लेक येणार म्हणून भरलेलं ग्रीस

माझ्या मेलवर दर महिन्याला एक इंग्रजी पत्रक येतं. सिग्नल प्रोसेसिंग या विषयात संशोधन करणाऱ्या जगभरच्या मंडळींचं ते पत्रक. कोणाला कसला सन्मान मिळाला, कुठे परिषद भरणार आहे, कुठल्या विद्यापीठात जागा निघाली, निबंध पाठवायची शेवटची तारीख कोणती, असा सगळा मजकूर. मी अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत मेंटेनन्सला आहे. पंप, मोटारी, ब्लोअर हे माझे सगेसोयरे. आयुष्यात मी केलेलं संशोधन म्हणजे हरवलेला पाना कोणी नेला ते शोधणं. तरी हे पत्रक गेली सहा वर्षं मलाच येतं आणि मी ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो.

त्याचं कारण साधं आहे. लेक इंजिनिअरिंगला असताना तिच्या सरांनी अख्ख्या वर्गाला या पत्रकासाठी नाव नोंदवायला लावलं होतं. फॉर्मवर एक रकाना होता, कायमचा ई-मेल. आमच्या घरात 'कायमचा' असा शब्द दिसला की वडिलांचं लिहायचं, हे शाळेच्या दाखल्यापासून चालत आलेलं. तिने माझा मेल लिहून टाकला. पुढे तो बदलायचं तिच्याकडून राहिलं, आणि बदल म्हणून सांगायचं माझ्याकडून राहिलं. पत्रक आलं की मी ते तिला पुढे पाठवतो आणि वर एकच शब्द लिहितो, 'बघ'.

सुरुवातीला नुसताच पाठवायचो. मग चहा पिता पिता वाचायला लागलो. आमच्या ज्ञातीच्या मासिकात शेवटी वधू-वरांची पानं असतात, तशीच यातली जागांची पानं. अमुक प्रयोगशाळेला मेहनती, गणित पक्कं असलेली व्यक्ती हवी, अनुभव असल्यास प्राधान्य, इच्छुकांनी लगेच कळवावं. रंग आणि उंची तेवढी विचारत नाहीत. मला सगळ्यात जवळची वाटली ती मुदतवाढ. एवढी मोठमोठी माणसं, पण निबंधाची तारीख जवळ आली की आठवडाभराने पुढे ढकलली जायचीच. मी बायकोला म्हटलं, "बघ, ही आपलीच माणसं आहेत."

ती म्हणाली, "आपली कसली? त्यांची तारीख कधीतरी येते तरी. तुमच्या दादांच्या गिरणीचं बेअरिंग बदलायला तुम्ही कधी जाणार होतात?"

या बेअरिंगचं नंतर सांगतो. तेव्हा मी विषय बदलला होता, आताही तेच करतो.

लेक एमटेक झाली आणि एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत कंत्राटी कामाला लागली. तिथे ती नक्की काय करते हे मी एकदा विचारलं. म्हणाली, "बाबा, तुम्ही स्क्रूड्रायव्हर लावून ऐकता ना, ते मी कॉम्प्युटरला शिकवते."

आता हे सांगायला हवं. चालू मोटारीच्या बेअरिंगवर लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवायचं आणि मूठ कानाला लावायची. आतून जे ऐकू येतं त्यावरून बेअरिंग अजून किती दिवस टिकेल ते कळतं. चांगलं असेल तर कुकर शिट्टीला येण्याआधी करतो तसा एकसारखा आवाज. बिघडायला लागलं की त्यात मधूनच बारीक खडा आल्यासारखं होतं. मला हे एका जुन्या फिटरमामांनी शिकवलं. अठ्ठावीस वर्षं मी पंपांची छाती तपासतोय. बायकोचं म्हणणं, घरात ती बोललेलं मला तिसऱ्या हाकेला ऐकू येतं, पण तीनशे फुटांवरचा पंप कण्हला की मी ताटावरून उठतो.

तर लेकीचं काम म्हणजे गोंगाटातून तो बारीक खडा शोधून काढणं. माणसाला कळण्याच्याही आधी. तिची पद्धत प्रयोगशाळेतल्या मशीनवर छान चालत होती. पण तिचं कंत्राट मार्चमध्ये संपत होतं आणि पुढे काय, हा प्रश्न आमच्या जेवणाच्या टेबलावर मिठाच्या बरणीसारखा कायम ठेवलेला असायचा. कोणी हात लावत नव्हतं, पण तो तिथेच असायचा.

अशात एका पत्रकात मला ती जाहिरात दिसली. युरोपातल्या कुठल्याशा गावात नव्या संशोधकांसाठी कार्यशाळा होती. चार पानांचा निबंध पाठवायचा. निवडलेल्यांना जाण्यायेण्याचा खर्च, आणि त्यातल्या काहींना तीन महिने तिथल्या प्रयोगशाळेत काम. अट एकच, निबंधातले आवाज खऱ्या कामाच्या जागेवरचे हवेत, आणि कुठलं मशीन चांगलं, कुठलं बिघडलेलं, हे जाणकार माणसाने सांगितलेलं हवं.

मी नेहमीसारखं 'बघ' लिहिलं. पाच मिनिटांत तिचा फोन. "बाबा, जाणकार माणूस म्हणून तुम्ही चालाल?"

मला अठ्ठावीस वर्षांत कंपनीने जाणकार म्हटलेलं नव्हतं. मी म्हटलं, "चालेन की."

साहेबांची परवानगी काढली. सहा पंप मी स्क्रूड्रायव्हर लावून तपासले आणि कागदावर लिहून दिलं, दोन चांगले, चार बिघडलेले. तिला कागद आवडला. येत्या गुरुवारी सकाळी येते म्हणाली.

लेक पहिल्यांदाच माझ्या कंपनीत येणार होती. लहानपणी तिने एकदा हट्ट केला होता, तेव्हा वॉचमनने गेटवरूनच परत पाठवलं होतं. आता ती गळ्यात पास घालून, हेल्मेट घालून येणार होती. मी बुधवारी जरा जास्त वेळ थांबलो. पंपांभोवतीची जमीन धुऊन घेतली. पाइपांना रंगाचा हात मारला. गुरुवारी ती आली, चिमटीत मावेल एवढा एकेक सेन्सर लोहचुंबकाने पंपावर चिकटवला, दोन तास आवाज भरून घेतले, कँटीनमध्ये माझ्या मित्रांबरोबर समोसा खाल्ला आणि गेली. मित्र म्हणाले, "काय रे, तुझ्यावर नाही गेली पोरगी!" तो आठवडा मी हवेत होतो.

पुढचे तीन आठवडे ती दिसेनाशी झाली. म्हणजे घरातच होती, पण लॅपटॉपच्या मागे. विचारलं तर म्हणायची, "जमत नाहीये." तुम्ही बिघडलेले म्हणता ते पंप आणि चांगले म्हणता ते पंप माझ्या पद्धतीला सारखेच दिसतात, म्हणायची. पद्धतच चुकली असेल. पुन्हा पहिल्यापासून गणित मांडायची. डोळ्यांखाली काळं दिसायला लागलं. मी तिला धीर द्यायचो. "होतं असं. यंत्राला माणसाच्या कानाची सर कुठून येणार?" आज हे लिहितानाही माझे कान गरम होतात.

शुक्रवार उजाडला. शुक्रवारीच निबंधाची शेवटची तारीख होती. आमच्या पट्ट्यात कंपन्यांची साप्ताहिक सुट्टी शुक्रवारी असते, त्यामुळे मी घरी होतो. दुपारचं जेवण झालं आणि लेक हेडफोन घेऊन आली.

"बाबा, तुम्ही एकदा ऐका. हा तीन नंबरचा पंप. तुमच्या कागदावर बिघडलेला."

मी हेडफोन लावला, डोळे मिटले. कुकर शिट्टीला येण्याआधीचा आवाज, एकसारखा.

"हा चांगला आहे," मी म्हटलं.

"हा पाच नंबर."

"हाही चांगलाच."

"पण तुम्ही तर लिहून दिलंत—"

"अगं, मी लिहिलं तेव्हा बिघडलेलाच होता. मग बुधवारी मी सगळ्यांत ग्रीस भरलं ना. पाच नंबरचं आणि सहा नंबरचं तर बेअरिंगच बदललं."

भांडी विसळता विसळता बायकोने नळ बंद केला.

"का?" लेकीने विचारलं. आवाज अजिबात चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

"अगं, तू पहिल्यांदा येणार होतीस."

स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "पाहुणे येणार म्हणून यांनी घर आवरलं! इथे आजवर माझ्या माहेरची माणसं आली तेव्हा साधी खुर्ची पुसली नाही."

मला वाटलं लेक रडणार. पण ती जमिनीवर बसली आणि हसायला लागली. हसता हसता डोळे पुसले. म्हणाली, "म्हणजे माझी पद्धत बरोबर होती. तीन आठवडे ती मला खरं सांगत होती, की सगळे पंप चांगले आहेत. आणि मी तिलाच मूर्ख ठरवत होते."

मी म्हटलं, "मूर्ख मीच."

"तुम्हाला नाही म्हणत, बाबा." मग थोडं थांबून, "थोडंसं म्हणते."

पण निबंधाचं शेवटचं पान रिकामं होतं. त्याला बिघडलेलं मशीन हवं होतं. कंपनी बंद, आणि उघडी असती तरी माझे सगळे पंप आता ठणठणीत. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदाच मला त्याचं वाईट वाटलं. मी म्हटलं, "आज रात्री बारापर्यंतच ना? मुदतवाढ नाही का देणार? ही माणसं देतात."

"देऊन झाली, बाबा. आता पक्की म्हणून लिहिलंय. पण आपल्याकडे उद्या संध्याकाळी साडेपाचपर्यंत वेळ आहे."

मला वाटलं तिच्या डोक्यावर परिणाम झाला. मग तिने समजावलं. या मंडळींचा रिवाज असा की पृथ्वीवर कुठेही शुक्रवार शिल्लक असेल तोवर शुक्रवार धरायचा. आपल्याकडे शनिवारची संध्याकाळ झाली तरी पॅसिफिकमधल्या कुठल्याशा बेटाजवळ घड्याळात शुक्रवारचे बारा वाजायचे असतात. मला हा रिवाज फारच सभ्य वाटला. कोणीतरी मुद्दाम जगातल्या सगळ्यात उशिरा येणाऱ्या माणसाचा विचार करून ठेवला होता. तो माणूस आपल्या ओळखीचा आहे, असंही वाटलं.

"मग बिघडलेलं मशीन शोधायचं कुठे?" लेक म्हणाली.

बायको हात पुसत बाहेर आली. कपाटाचा खालचा खण उघडला, तेलकट कागदात गुंडाळलेला एक डबा काढला आणि माझ्यासमोर ठेवला. त्यात ते बेअरिंग होतं.

आता ते सांगतो. माझे थोरले बंधू बदलापूर गावात, आमच्या मूळ घराच्या पुढच्या पडवीत पिठाची गिरणी चालवतात. भाताचं शेत होतं ते बरंचसं बिल्डिंगांनी खाल्लं, गिरणी राहिली. वर्षभर तिच्या शाफ्टचं बेअरिंग रडत होतं. दादा दर भेटीत म्हणायचे, "बघ रे जरा." मी उल्हासनगरला जाऊन बेअरिंग घेऊनही आलो होतो. तिथल्या सिंधी दुकानदाराने तर तेव्हा गंमतही केली होती, "साईं, माल एक नंबर आहे. पण लावला तरच चालणार." त्याला आठ महिने झाले. आम्ही बदलापूर स्टेशनच्या पूर्वेलाच राहतो, पण तिथून गावात जायला मला आठ महिने वेळ मिळाला नव्हता. भावाच्या घरचं काम म्हणजे केव्हाही होणारं काम, त्यामुळे ते कधीच होत नाही.

लेकीने डब्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि लगेच फोन लावला. "मोठे काका, गिरणी चालू आहे का?"

फोनमधून दादांचा आवाज आम्हालाही ऐकू येत होता. "आज लाईट नाय ना शुक्रवारची. उद्या सकाळी आठला चालू. का गं?"

"उद्या मी आणि बाबा येतो. गिरणीचा आवाज भरून घ्यायचाय."

"आरं वा! मग मी आज जरा तेलपाणी करून ठेवतो."

"नाही!" लेक इतक्या जोरात ओरडली की शेजारच्यांचा कुत्रा भुंकला. "काका, तुम्हाला शपथ आहे. कशालाही हात लावायचा नाही. तेल नाही, ग्रीस नाही, झाडूसुद्धा नाही."

मग दादा म्हणाले, "पोरी, तुझा बाप वर्षभर हेच करतोय. तेवढंच उद्यापर्यंत मी करीन."

शनिवारी मी दिवसभराची रजा टाकली. आठ वाजता आम्ही गिरणीसमोर होतो. वहिनींनी नवी साडी नेसली होती. अंगणात रांगोळी काढली होती. उंबऱ्याच्या आत मात्र पाऊल ठेवलं नव्हतं. आत जाळीजळमटं, पिठाचे थर, सगळं जिथल्या तिथे. "मना तर हात शिवशिवतात," त्या म्हणाल्या, "पर हे दारात बसून राखण करतात."

दादांनी खटका दाबला. पट्टा फिरला आणि ते बेअरिंग रडायला लागलं. इतकं सुंदर बिघडलेलं बेअरिंग मी बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं. सवयीने स्क्रूड्रायव्हर लावला. खडा स्वच्छ लागत होता. "ऐक," म्हणून मी मूठ लेकीच्या कानाला दिली. तिने एवढी वर्षं कॉम्प्युटरवर पाहिलेली गोष्ट पहिल्यांदा हाडात ऐकली. एकदम म्हणाली, "अरे, हे तर... हे इथेच आहे!" जणू ओळखीचं कोणीतरी गर्दीत भेटलं.

सेन्सर चिकटवले. गव्हाचे, ज्वारीचे, तांदळाचे डबे घेऊन बायका आल्या. त्यांना बोलू नका म्हणणं शक्य नव्हतं. लेक म्हणाली, "बोलू द्या, गोंगाट हवाच आहे." मग त्यांनी मनापासून मदत केली. एका आजींनी सेन्सर बघून विचारलं, "वजनात काय गडबड सापडली का यांच्या?" दादा म्हणाले, "आजी, वजन नाय, आवाज तपासतायत." आजी म्हणाल्या, "तो तर आम्ही वर्ष झालं ऐकतोय. त्याला मशीन कशाला?"

दहा वाजता गिरणी थांबवली. मी पुलर लावून जुनं बेअरिंग काढलं. दादांनी शाफ्ट धरला. तीस-पस्तीस वर्षांनी आम्ही दोघं एका कामाला एकत्र हात लावत होतो. ते म्हणाले, "डावीकडं घे." मी उजवीकडे घेतलं. ते म्हणाले, "तेच, लहानपणापासून." बेअरिंग बसलं, ग्रीस भरलं, या वेळी लेकीला विचारून. बारा वाजता गिरणी पुन्हा सुरू केली आणि तसेच आवाज पुन्हा भरले. एकच मशीन, एकच दिवस, तीच माणसं, आधी बिघडलेलं आणि मग दुरुस्त. लेक म्हणाली याहून चांगलं तिला प्रयोगशाळेतही मिळालं नसतं.

दुपारभर ती दादांच्या माजघरात, वहिनींनी केलेली तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी बाजूला ठेवून, शेवटचं पान भरत होती. आम्ही दोघं भाऊ बाहेर ओट्यावर बसलो होतो. पावणेपाचला ती बाहेर आली. "गेला," म्हणाली. मी घड्याळ बघितलं. पॅसिफिकच्या त्या बेटाजवळ अजून शुक्रवार होता. दादांनी विचारलं, "आता भाकरी खाशील का?" मग तिने तीन खाल्ल्या.

महिना गेला. दादांचा एकदा फोन आला, तक्रारीचाच. म्हणे गिरणी आता इतकी गुपचूप चालते की गिऱ्हाईक कोपऱ्यावरूनच बंद समजून परत जातं. "तेवढा आवाज परत करता येईल का?" मी म्हटलं, "बघतो." ते म्हणाले, "नको, तुझं बघणं आठ महिन्यांचं. मी बाहेर पाटी लावली." आणि खरंच लावली आहे, 'गिरणी चालू आहे'. खडूने.

मग एका सकाळी मी तीन नंबरच्या पंपापाशी उभा असताना पत्रक आलं. मी वरून वाचत गेलो. कोणाला सन्मान, कुठे परिषद, आणि मध्यावर त्या कार्यशाळेला निवडलेल्यांची यादी. त्यात लेकीचं नाव होतं. खाली आणखी एक छोटी यादी होती, तीन महिन्यांच्या कामाला घेतलेल्यांची. त्यातही होतं. मी दोनदा वाचलं. मग सवयीने पंपावर स्क्रूड्रायव्हर लावून ऐकलं, का ते माहीत नाही. पंप ठीक होता. मी पत्रक तिला पुढे पाठवलं. वर काहीतरी मोठं लिहावंसं वाटत होतं, पण इतक्या वर्षांत दुसरं कधी लिहिलेलं नव्हतं. 'बघ' लिहिलं.

लगेच फोन आला. "बघितलं," ती म्हणाली.

"तुला आधी कळलं होतं?"

"परवाच. मला वेगळं पत्र आलं होतं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुमचा मेल यायचा होता ना."

मी स्क्रूड्रायव्हर पुसायला घेतला. पाठीमागे ब्लोअर चालू होता, तेव्हा तिला वाटलं असेल ऐकू येत नाही. मग तीच म्हणाली, "बाबा, तिकडे जायच्या आधी ते फॉर्मवरचं बदलून घेते. कायमचा ई-मेल माझाच टाकते आता."

मी म्हटलं, "घाई काय आहे? सावकाश कर."

"किती सावकाश?"

मी म्हटलं, "आठेक महिने."